सीमाभागातून लोकशाहीचा सिद्धांत शिकायला जाताना

बी.ए.ला राज्यशास्त्र घेतलं की घरचे एकच विचारतात, 'याचं पुढं काय होतंय?' मग आपण केएएस म्हणजे कर्नाटकाची प्रशासकीय सेवा म्हणतो, एमपीएससी म्हणतो, अगदीच काही सुचलं नाही तर बी.एड. म्हणतो. हा लेख परीक्षेच्या तयारीसाठी नाही. राज्यशास्त्राच्या पेपरातलं एखादं प्रकरण वाचताना ज्यांची झोप उडाली, त्यांच्यासाठी आहे. कोणत्या पक्षाला किती जागा मिळाल्या, हा त्या प्रकरणाचा विषय नसतो. ज्याला जास्त मतं पडली त्याचं बाकीच्यांनी का ऐकायचं, हा असतो. याला लोकशाहीचा सिद्धांत म्हणतात आणि एम.ए.ला तो नीट शिकता येतो.

मी खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेतून आलो. एम.ए.ला केलेल्या निम्म्या चुका कुणी आधी सांगितलं असतं तर टळल्या असत्या. म्हणून पायरीपायरीनं लिहितोय. पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत, तेवढं चालवून घ्या.

आधी भाषा, मग विद्यापीठ

आपल्याकडं उलटं होतं. बस कुठली सोयीची, हॉस्टेल कुठं मिळतंय, मामा कुठं राहतो, यावरून विद्यापीठ ठरतं आणि पहिल्या सेमिस्टरला कळतं की पेपर कोणत्या भाषेत लिहायचा हे विचारायचंच राहिलं. बेळगावच्या मुलांपुढं साधारण तीन दारं असतात: २०१० साली झालेलं राणी चन्नम्मा विद्यापीठ, धारवाडचं कर्नाटक विद्यापीठ आणि कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ. कर्नाटकातल्या दोन ठिकाणी इंग्रजी किंवा कन्नड धरून चाला. कोल्हापुरात मराठीत लिहिता येतं. तरी माहितीपत्रकावर विसंबू नका. विभागात जा, मागच्या वर्षीची प्रश्नपत्रिका मागा आणि दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलाला कॅन्टीनमध्ये गाठून विचारा, 'वर्गात सर कशात बोलतात?' पेपरची भाषा आणि वर्गाची भाषा एकच असते असं नाही.

पुढं प्राध्यापक व्हायचं असेल तर नेट या देशपातळीवरच्या पात्रता परीक्षेची राज्यशास्त्राची प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत असते. राज्याच्या पात्रता परीक्षेला सेट म्हणतात; महाराष्ट्राची इंग्रजी-मराठीत, कर्नाटकाची इंग्रजी-कन्नडमध्ये. म्हणजे कुठंही गेलात तरी इंग्रजी वाचनाला पर्याय नाही. मराठीत लिहायची मुभा मिळाली म्हणून इंग्रजी पुस्तक न उघडणारे माझ्या पाहण्यातले सगळे दुसऱ्या वर्षी अडकले. माझा सल्ला असा: ज्या भाषेत विचार सुचतो तिच्यात लिहा, पण वाचन पहिल्या दिवसापासून इंग्रजीत करा, दिवसाला चारच पानं झाली तरी.

आणि कन्नड येत नसेल तर शिका. हे लिहिल्यावर आमच्या भागात काहींच्या भुवया उंचावणार, मला माहीत आहे. कारण पुढं येईलच.

कागदपत्रांचं थोडक्यात. राज्य बदलणार असाल तर मायग्रेशन सर्टिफिकेटसाठी निकाल लागल्या लागल्या अर्ज करा. ते हातात पडायला वेळ लागतो आणि नव्या विद्यापीठातली पात्रता त्यावाचून अडते. महाराष्ट्रानं दावा सांगितलेल्या ८६५ गावांतल्या विद्यार्थ्यांसाठी तिकडं व्यावसायिक अभ्यासक्रमांना राखीव जागा असतात. एम.ए.ला काही सवलत आहे का, हे विद्यापीठाच्या कार्यालयातच विचारा. गावातल्या पुढाऱ्याला विचारू नका, तो 'आहे की' म्हणून मोकळा होतो.

तीन रकान्यांची वही

दोनशे पानी वही घ्या आणि प्रत्येक पानावर तीन रकाने आखा: मराठी, कन्नड, इंग्रजी. नवा शब्द आला की तिन्हीकडं लिहा. काम कंटाळवाणं वाटतं, पण मला या वहीनं जेवढं शिकवलं तेवढं कुठल्या गाइडनं शिकवलं नाही.

पहिलाच शब्द घ्या. मराठीत लोकशाही, कन्नडमध्ये प्रजाप्रभुत्व, इंग्रजीत डेमॉक्रसी. आपल्या शब्दातली 'शाही' फारसीतून आलेली, आदिलशाही-निजामशाहीतलीच. ज्या बेळगावच्या किल्ल्यावर एकेकाळी आदिलशाहीचा अंमल होता, तिथं आपण 'लोकांची शाही' म्हणतो. कन्नड शब्दात प्रजा आहे, आणि प्रजा म्हटलं की कुठंतरी राजा आलाच. पण इथं ती प्रजाच प्रभू झाली आहे. ग्रीक मुळात डेमॉस म्हणजे जनसमूह आणि क्रॅटॉस म्हणजे सत्ता. तीन भाषांत तीन वेगवेगळी चित्रं, आणि सत्ता कुणाच्या हातून कुणाकडं आली याच्या तीन गोष्टी. पहिल्याच ट्युटोरियलला हे मांडलंत तर सर चष्मा काढून ऐकतील.

काही शब्द फसवे असतात. बहुमत, लोकमत आणि सार्वमत हे तीन शब्द आपण कट्ट्यावर एकाच अर्थानं फेकतो. बहुमत म्हणजे मोजून जास्त भरलेली मतं. लोकमत म्हणजे समाजात वाहणारं मत, जे कुणी मोजलेलं असेलच असं नाही. सार्वमत म्हणजे एका ठराविक प्रश्नावर सगळ्या मतदारांकडून होय-नाही घेणं. 'अधिमान्यता' हा शब्द तर रोज लागणार आहे: सत्तेला नुसती ताकद आहे की लोकांनी मानावी अशी तिची पात्रताही आहे, हा फरक त्यात आहे. अडलं की मराठी विश्वकोश उघडा. तो इंटरनेटवर फुकट आहे आणि त्यातल्या राज्यशास्त्राच्या नोंदी जुन्या असल्या तरी भाषा पक्की आहे.

एक प्रश्न धरा, तो घरचाच आहे

अभ्यासक्रमात प्लेटोपासून हाबरमासपर्यंत सगळे येतील. सगळे सारखेच वाचायला गेलात तर कुणीच लक्षात राहणार नाही. एक प्रश्न धरावा आणि प्रत्येकाला तोच विचारत जावं. आपल्या भागातल्या मुलाला तो शोधायला लांब जायला नको. लोकशाही म्हणजे लोकांचं राज्य हे ठीक, पण लोक म्हणजे कोण, हे कोण ठरवणार?

ब्रिटिश घटनातज्ज्ञ आयव्हर जेनिंग्ज यांनी १९५६ च्या एका पुस्तकात हे फार नेमकं सांगितलं. लोकांना ठरवू द्या, हे ऐकायला रास्त वाटतं; पण लोक म्हणजे कोण हे आधी कुणीतरी ठरवल्याशिवाय लोक काहीच ठरवू शकत नाहीत, असा त्यांचा मुद्दा. त्याच वर्षी अमेरिकेत रॉबर्ट डाल यांचं लोकशाही सिद्धांतावरचं पुस्तक आलं. आणि त्याच वर्षी, १ नोव्हेंबरला, आपला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. आमच्या आजोबांना जेनिंग्जचं नाव माहीत नव्हतं, पण त्यांचा मुद्दा त्यांनी रस्त्यावर उतरून मांडलेला होता.

आता हा प्रश्न भावनेतून बाहेर काढून कागदावर मांडून बघा. १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्यानं बेळगाव जिल्हा म्हैसूरकडं दिला, तो चंदगड तालुका वगळून. चंदगड मुंबई राज्यात राहिला आणि आज कोल्हापूर जिल्ह्यात आहे. म्हणजे चंदगडपुरता तालुका हा घटक धरला गेला, बाकीच्या बेळगावसाठी जिल्हा. महाराष्ट्राची मागणी आहे की गाव हा घटक धरा, भौगोलिक सलगता बघा, भाषेचं सापेक्ष बहुमत बघा आणि लोकांची इच्छा बघा. आंध्र आणि मद्रासची सीमा पाटसकरांच्या सूत्रानं साधारण याच रीतीनं लावली होती. कर्नाटकाचं म्हणणं, १९६६ साली नेमलेल्या महाजन आयोगानं १९६७ मध्ये निकाल दिला आहे, तोच शेवटचा. २००४ साली महाराष्ट्रानं सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, तो घटनेच्या कलम १३१ खाली.

बातम्या इथं थांबतात, सिद्धांत इथून सुरू होतो. गाव घटक धरलं तर एक बहुमत निघतं, तालुका धरला तर दुसरं, जिल्हा धरला तर तिसरं. तीनही बहुमतं खरी. घटक कोणता धरायचा यावर मतदान घ्यावं म्हटलं तर ते कोणत्या घटकात घ्यायचं? इथं बहुमताचा नियम स्वतःच्याच शेपटीला चावतो. पुस्तकांत याला सीमेचा प्रश्न म्हणतात; आपण त्याला सीमाप्रश्न म्हणतो. हा योगायोग आहे, पण विद्यार्थ्याला यापेक्षा मोठी देणगी काय मिळणार?

भारतीय घटनेचं उत्तर कलम ३ मध्ये आहे: राज्यांच्या सीमा संसद बदलते. संबंधित राज्याच्या विधिमंडळाचं मत मागवलं जातं, पण ते बंधनकारक नसतं; बाबूलाल पराते खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हे १९५९ साली स्पष्ट केलं. तिथल्या रहिवाशांना वेगळं विचारायची तरतूदच नाही. हे लोकशाहीविरोधी आहे, की आधी कुणीतरी ठरवल्याशिवाय सुरुवातच होत नाही या जेनिंग्जच्या मुद्द्याची ही प्रामाणिक कबुली आहे? पहिल्या सेमिस्टरचा निबंध यावर लिहा.

एक सावधगिरी. हा प्रश्न धरला म्हणजे भाषेचाच धरला असं होऊ देऊ नका. कणकुंबीचं पाणी घ्या. खानापूर तालुक्यातल्या त्या डोंगरातून कळसा नाल्याचं पाणी मलप्रभेत वळवायचं, हुबळी-धारवाडला प्यायला द्यायचं, अशी कर्नाटकाची योजना, आणि तेच पाणी म्हादईतून खाली गोव्याला जातं. म्हादईच्या पाण्यासाठी नेमलेल्या लवादानं २०१८ मध्ये वाटप केलं. पण ज्यांच्यावर परिणाम होतो त्या सगळ्यांना निर्णयात वाटा हवा, हे तत्त्व लावलं तर त्या निर्णयाचे 'लोक' कोण? कणकुंबीचा शेतकरी, हुबळीची गृहिणी की गोव्यातला मच्छीमार? इथं मराठी-कन्नड ही रेघ काही कामाची नाही. म्हणूनच हे उदाहरण मला जास्त आवडतं.

वाचायचं काय, कुठून सुरू करायचं

प्लेटोपासून सुरू करू नका. आवडला तर नंतर भरपूर वेळ आहे.

जॉन स्टुअर्ट मिल यांचं प्रातिनिधिक शासनावरचं १८६१ चं पुस्तक घ्या आणि थेट सोळावं प्रकरण उघडा. मिल म्हणतात की वेगवेगळ्या राष्ट्रीयत्वांच्या, वेगवेगळ्या भाषा वाचणाऱ्या-बोलणाऱ्या लोकांच्या देशात स्वतंत्र संस्था टिकणं जवळपास अशक्य. बेळगावात गणपत गल्लीत भाजी घेताना ज्यानं तीन भाषा ऐकल्या आहेत त्याला हे वाक्य टोचलं पाहिजे. टोचलं की पेन्सिल घ्या आणि समासात भांडा. मिल कुठं चुकले? की आपल्याकडं जे चाललंय ते त्यांचं म्हणणं थोडंफार खरंच ठरवतंय? पुस्तकाचा हक्क कधीच संपला असल्यानं ते इंटरनेटवर मोफत आहे.

दुसरे बाबासाहेब. २५ नोव्हेंबर १९४९ चं घटना समितीतलं भाषण सगळ्यांनी ऐकलेलं असतं: राजकारणात समता आणि समाजात विषमता अशा विसंगतीच्या जीवनात आपण प्रवेश करतोय, हा इशारा. तो मुळातून, सगळ्या संदर्भासह वाचा. पण त्याच्या जोडीला भाषिक राज्यांवरचा त्यांचा १९५५ चा निबंध वाचाच. महाराष्ट्र शासनानं काढलेल्या त्यांच्या लेखन-भाषणांच्या पहिल्या खंडात तो आहे. तिथं बाबासाहेब महाराष्ट्राचे चार भाग करायला सांगतात आणि भाषिक राज्यात बहुसंख्य जातीची सत्ता अल्पसंख्यांवर कशी चढून बसेल ते दाखवतात. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा अस्वस्थ झालो. आपला 'मराठी लोक' हा शब्द कोणाकोणाला झाकून ठेवतो, हे त्याआधी डोक्यात आलंच नव्हतं.

तिसरं, थोडं गणित. कला शाखेची मुलं हा भाग टाळतात, आणि चुकतात. तीन मित्रांना एकच मिठाई घ्यायची आहे. पहिल्याचा क्रम कुंदा, करदंट, मांडे. दुसऱ्याचा करदंट, मांडे, कुंदा. तिसऱ्याचा मांडे, कुंदा, करदंट. आता दोन-दोन पदार्थांवर मत घ्या. कुंदा करदंटाला हरवतो, करदंट मांड्यांना हरवतो, आणि मांडे कुंद्याला हरवतात, प्रत्येक वेळी दोन विरुद्ध एक. जिंकलं कोण? कुणीच नाही. फ्रान्सच्या कॉन्दॉर्सेनं हे १७८५ मध्ये दाखवलं आणि १९५१ मध्ये केनेथ ॲरोनं त्यावर मोठा सिद्धांत उभा केला. कागदावर एकदा स्वतः करून बघितलंत की 'लोकांचा कौल' हा शब्द पुन्हा पूर्वीसारखा वापरता येत नाही.

पुस्तकं विकत घ्यायची ऐपत नसली तरी अडत नाही. कॉलेजच्या ग्रंथपालाकडून एन-लिस्टचा, म्हणजे कॉलेजांसाठीच्या ऑनलाइन पुस्तकं-नियतकालिकांच्या सेवेचा, पासवर्ड मागून घ्या. बहुतेक मुलांना तो असतो हेच ठाऊक नसतं. इग्नूचं साहित्य ई-ज्ञानकोशवर आहे, पीएच.डी.चे प्रबंध शोधगंगेवर. घटना समितीच्या चर्चा इंटरनेटवर संपूर्ण आहेत.

ग्रामसभेत जाऊन बसा

रॉबर्ट डाल यांनी १९८९ च्या पुस्तकात लोकशाही प्रक्रियेच्या कसोट्या दिल्या आहेत: खरा सहभाग, मताचं समान मोल, विषय समजून घ्यायची संधी, विषयपत्रिकेवर ताबा आणि सगळ्या प्रौढांचा समावेश. पाठ करून दहा मार्क मिळतात. पण ही यादी खिशात घालून आपल्याच गावच्या ग्रामसभेला जा. नोटीस कन्नडमध्ये, चर्चा मराठीत, ठराव पुन्हा कन्नडमध्ये, हे खानापूर भागात नवं नाही. विषय कोणी लिहिले? बायका किती आल्या आणि किती बोलल्या? गल्लीच्या टोकाच्या वस्तीतलं कुणी आलं का? दोन तासांत डाल जेवढे समजतील तेवढे दोन आठवड्यांच्या लेक्चरमध्ये समजत नाहीत. काय दिसलं ते त्याच रात्री लिहा. दुसऱ्या दिवशी आपण त्यात आपलं मत मिसळतो.

घरचं उदाहरण वापरताना आकडा पक्का ठेवा. १९९६ च्या लोकसभा निवडणुकीत बेळगाव मतदारसंघात ४५६ उमेदवार उभे होते, सीमाप्रश्नाकडं देशाचं लक्ष जावं म्हणून. आमच्याकडं हे अभिमानानं सांगतात. सिद्धांताच्या विद्यार्थ्यानं पुढचं बघावं. त्याच वर्षी नळगोंड्यातही असंच झालं होतं, आणि नंतर कायदा बदलून लोकसभेची अनामत ५०० रुपयांवरून १०,००० झाली, अपक्षाला दहा सूचक लागू लागले. उमेदवारी हा निषेधाचा मार्ग असू शकतो का? आणि तो बंद करायला अनामत वाढवली तर गरीब पण गंभीर उमेदवाराचं काय? यावर चांगला सेमिनार पेपर होतो.

समोरच्याचा परिच्छेद

माझा स्वतःचा पहिला सेमिनार पेपर सीमाप्रश्नावर होता. बारा पानं, पोटतिडकीनं लिहिलेली. सरांनी चहा मागवला आणि म्हणाले, 'हे निवेदन झालं. कलेक्टरला दे.' मला फार राग आला. मग म्हणाले, 'कर्नाटकाची बाजू एका पानात लिही. ती तुझ्या वर्गातल्या कन्नड मुलाला दाखव. तो होय म्हणाला तरच पुढं बोलू.'

वर्गात बैलहोंगलचा एक मित्र होता. त्याला पान दिलं. त्यानं वाचलं आणि हसला. 'असं आमच्यात कोणी म्हणतच नाही,' म्हणाला. मी लिहिलेली त्यांची बाजू म्हणजे आमच्या भाषणांतून ऐकलेली त्यांची बाजू होती. दुसऱ्यांदा लिहिलं, परत आलं. तिसऱ्यांदा त्यानं मला एका कन्नड पुस्तकातली चार पानं वाचून दाखवली. तालुके फोडत गेलं तर प्रशासन आणि पाणी यांचं काय, आणि एकदा आयोग नेमून निकाल मानायचं ठरल्यावर मागं फिरणं कसं न्याय्य, हे दोन मुद्दे तिथं होते. ते मला मराठीत कधी भेटलेच नव्हते. कन्नड शिका असं वर म्हणालो ते यासाठी. चौथ्या वेळी तो 'हौदु', म्हणजे होय, म्हणाला. पेपरचा निष्कर्ष माझाच राहिला, फक्त आता तो सिद्ध करायला मेहनत पडली.

तेव्हापासून मी हा नियमच केला आहे: निबंध कोणत्याही विषयावर असो, विरुद्ध बाजूचा परिच्छेद आधी लिहायचा आणि त्या बाजूच्या माणसाला दाखवायचा. माणूस मिळाला नाही तर निबंध पुढं ढकलायचा.

प्रबंधिका आणि तोंडी परीक्षा

दुसऱ्या वर्षी प्रबंधिका घ्यायची झाली तर विषय छोटा ठेवा. 'सीमाभागातील लोकशाही' हा विषय नव्हे, तो जाहीरनामा आहे. 'अमुक ग्रामपंचायतीच्या तीन ग्रामसभांतील विषयपत्रिका आणि डाल यांची कसोटी' हा विषय आहे. सिद्धांताचं प्रकरण आधी लिहू नका. आधी नोंदी, मग त्या नोंदींना कोणता सिद्धांत पुरतो ते बघा, आणि कुठं पुरत नाही ते तर ठळक लिहा. मार्गदर्शक निवडताना त्यांचं नाव किती मोठं आहे ते बघू नका. ते मसुदा किती दिवसांत परत देतात, हे सीनियर मुलांना विचारा.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक बहुधा पहिला प्रश्न हाच टाकतात, 'तुम्ही स्वतः त्या भागातले, मग तटस्थ कसे राहिलात?' तटस्थ होतो असं म्हणू नका, कुणी विश्वास ठेवत नाही. समोरच्याचा परिच्छेद ज्या पानावर आहे तो पान क्रमांक सांगा आणि तो कुणी तपासला ते सांगा. माझ्या वेळी परीक्षकांनी ते पान उघडलं, दोन मिनिटं वाचलं आणि पुढचा प्रश्न कॉन्दॉर्सेवर विचारला. त्यालाही मी कुंदा-करदंटच सांगितलं.